कोऱ्या पाठीच्या ताटल्या

अकरावी ताटली फुटली त्या सकाळी एस्बेनचा फोन आला. मेरेटे कुंभाराच्या चाकावर बसली होती, हात मनगटापर्यंत मातीनं लडबडलेले. तिनं कोपरानंच फोनचा स्पीकर लावला.

"मेरेटे, तुझ्या ताटल्या म्हणजे अंड्याची टरफलं झालीत की गं," एस्बेन म्हणाला. त्याचं रेस्टॉरंट गुडहेम गावाच्या उतारावर, समुद्राच्या बाजूला होतं आणि या उन्हाळ्यासाठी त्यानं तिच्याकडून साठ ताटल्या करून घेतल्या होत्या. "तीन आठवड्यांत अकरा गेल्या. साठातल्या अकरा!"

"फुटल्या की फोडल्या?"

"तेच तर तुला विचारतोय."

"मला काय विचारतोस? पंचवीस वर्षं ताटल्या करतेय मी. या चढावर माझी ताटली नाही असं एक घर दाखव. भांडी घासायला कोण आहे तुझ्याकडे?"

एस्बेन जरा अडखळला. "मे महिन्यापासून योर्गिन येतेय. एकतीस वर्षं हेरिंग माशांना धुरी द्यायचं काम केलं तिनं. ते बंद पडलं तशी माझ्याकडे आली. हात जरा रांगडा आहे तिचा, नाही म्हणत नाही मी."

"मग झालं तर! मासे आपटणाऱ्या हातात माझ्या ताटल्या दिल्यास आणि वर मलाच जाब विचारतोस? हात बदल, ताटल्या टिकतील."

फोन ठेवून ती पुन्हा चाकाकडे वळली. मातीचा गोळा मधोमध बसेना. एरवी या कामात तिला लक्षसुद्धा घालावं लागत नसे. हात आपसूक गोळ्याला मध्यावर आणत. आज तो डुगडुगतच राहिला. तिनं तो उचलून बादलीत टाकला, दुसरा घेतला. तोही डुगडुगला. ती उठली, खिडकी उघडली, परत लावून घेतली. कॉफी केली आणि प्यायची विसरली.

खरं काय ते तिला ठाऊक होतं. निदान अर्धं तरी.

मार्चमध्ये त्या साठ ताटल्यांची शेवटची भट्टी निघाली, त्यानंतर दोन दिवसांनी ती फळीकडे पाठ करून बसली असताना 'टण्ण' असा आवाज झाला. वळून पाहिलं तर एक ताटली बसल्या जागी दुभंगली होती. कुणी हात लावला नव्हता, काही पडलं नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत एक सरळ रेघ, सुरीनं पाव कापावा तशी. "दारातून गार वारा आला असेल," मेरेटे मोठ्यांदा म्हणाली. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं. दोन्ही तुकडे तिनं फुटक्या मालाच्या पेटीत घातले, तेही अगदी तळाशी, बाकीच्या तुकड्यांखाली.

तिच्या नेहमीच्या ताटल्या जाड असत, तपकिरी. मातीवर काचेसारखा जो थर चढवतात, ती झिलई दोन्ही अंगांना असे. उन्हाळ्यात फिरायला येणारी माणसं तिच्या फाटकाजवळच्या फळीवरून त्या उचलून नेत. 'छान आहे, मायक्रोवेव्हमध्ये चालते का?' एवढंच विचारत. दोन हिवाळ्यांपूर्वी कोपनहेगनच्या एका कलादालनाची बाई तिच्याकडे आली. मेरेटेनं सहज म्हणून एक वेगळी ताटली करून पाहिली होती: आत समुद्राच्या राखाडी रंगाची जाड झिलई आणि पाठ कोरी, नुसती भाजलेली माती. बाईनं त्या कोऱ्या पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही टेबलावर नको, काचेच्या पेटीत हवी."

मेरेटे पन्नाशी ओलांडलेली बाई. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती घरभर नुसती फिरत होती, एका जागी बसवेना.

मग तशाच ताटल्या केल्या. आठ कोपनहेगनला गेल्या, साठ एस्बेननं मागितल्या. झिलई दोन्हीकडे असली की ओढ दोन्हीकडून सारखी बसते. एकाच अंगाला जाड थर दिला तर ताटली कायमची ताणलेली राहते, हे चाकावर बसणाऱ्याला पहिल्या वर्षी शिकवतात. मेरेटेनं स्वतः कितीजणांना शिकवलं होतं. उकळत्या पाण्याची परीक्षाही तिनं घेतली होती, एका ताटलीवर. ती टिकली. मग दुसरी घेतली नाही.

बुधवारी ती बेकरीत राईचा पाव घ्यायला गेली, तर पुढे उभ्या असलेल्या दोघी बोलत होत्या.

"एस्बेननं योर्गिनला शेवटची ताकीद दिलीय म्हणे. आता आणखी एक फुटली की घरी."

"बरोबरच आहे. तिच्या हाती अंडंसुद्धा देऊ नये."

मेरेटे पाव न घेताच बाहेर पडली. घरी गेली, चाक लावलं, बंद केलं. गुरुवारी तिनं तीन वेळा फोन उचलला. शुक्रवारी सकाळी ती एस्बेनला म्हणाली, "दुपारी येते. तिला दाखवते माझ्या ताटल्या कशा हाताळायच्या ते." एस्बेनला ते फार आवडलं.

भांडी घासायची खोली मागच्या बाजूला होती. योर्गिन त्रेसष्ट वर्षांची, बुटकी, रुंद खांद्यांची, दंडांवर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग. तिनं मेरेटेला नखशिखान्त पाहून घेतलं.

"तूच का ती? जिच्या ताटल्यांना मी हात लावू नये ती?"

"असं कुणी म्हणालं?"

"एस्बेन म्हणाला. तूच सांगितलंस म्हणे त्याला. ये, शिकव मला. हा स्पंज, हे पाणी. पाणी ओलं असतं, एवढं येतं मला."

मेरेटेनं एप्रन बांधला. जेवणाची पहिली फेरी संपली तशा ताटल्या येऊ लागल्या आणि दहा मिनिटांतच तिला कळून चुकलं की शिकवण्यासारखं इथं काही नाही. योर्गिन ताटली दोन्ही तळव्यांवर घेई, लहान मुलाचं डोकं धरावं तशी. दोन ताटल्यांमध्ये जुन्या टॉवेलचा तुकडा घाली. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"पाठ कोरी का ठेवलीस गं?" योर्गिननं विचारलं.

"हाताला माती लागावी म्हणून. खरी माती."

"कुणाच्या हाताला? जेवणारा काही पाठ बघत नाही. पाठ बघते मी. त्यात लोणी मुरतं. घासून घासून नखं गेली माझी."

योर्गिननं हात पुसले, सिंकखालून माशांची एक जुनी पेटी पायानंच बाहेर ओढली. आत फुटक्या ताटल्या होत्या. अकराच्या अकरा, अर्ध्याला अर्धी लावून नीट ठेवलेल्या.

"मी आयुष्यात पुष्कळ भांडी पाडलीत," ती म्हणाली. "दोन तर नवऱ्याच्या दिशेनं फेकलीत. पडलेल्या ताटलीचे चार तुकडे होतात, काठाचा टवका उडतो. यातल्या एकीचा तरी टवका उडालाय का बघ. सरळ रेघ, बास. एस्बेनला दाखवलं तर म्हणतो, मातीतलं तुला काय कळतं? बरं, मला नाही कळत. तुला कळतं ना? मग तूच सांग."

मेरेटेनं एक तुकडा उचलला. रेघेवरून अंगठा फिरवला. "बघावं लागेल," एवढंच म्हणाली.

"बघ की. समोरच आहे."

तेवढ्यात दुसरी फेरी आली. मेरेटेनं वरची ताटली घेतली. तिच्यात गार मलईचा लपका होता. तिनं गरम पाण्याचा नळ सोडला. टण्ण! दोन्ही हातांत एकेक अर्धुक राहिलं.

दारात एस्बेन उभा. "बारावी?" तो योर्गिनकडे बघत म्हणाला.

"माझ्या हातून निसटली," मेरेटे म्हणाली. कसं आणि का, ते तिलाही कळलं नाही. शब्द निघून गेले.

एस्बेन खो खो हसला. "घ्या! करणारीच फोडायला लागली तर आम्ही कुणाकडे बघायचं?" आणि हसत हसतच आत गेला.

योर्गिननं नळ बंद केला.

"निसटली?"

"तुला त्यानं काढू नये म्हणून मी—"

"मी इथं तुझ्या बाजूला उभी आहे, मेरेटे. निसटली नाही ती. तुझ्या हातातली तो हसून सोडून देतो. माझ्या हातातली असती तर आत्ता मी कोट घालत असते. आणि उद्या तेरावी फुटेल, तेव्हा तू इथं नसशील." तिनं स्पंज पिळला. "जा तू. मला कामं आहेत."

मेरेटे चढ चढून घरी आली. सात वाजले होते, जूनचं ऊन अजून छपरांवर होतं, खाली बंदरात मुलं पाण्यात उड्या मारत होती. तिनं किटली लावली. एस्बेनसाठी जादा केलेल्या डझनभर ताटल्या फळीवर होत्या. एकेक गार पाण्यात बुडवायची, काढायची, टेबलावर ठेवून उकळतं पाणी ओतायचं. पहिली टिकली. दुसरी गेली. तिसरी टिकली, पण पाणी थंड होत आलं तेव्हा गेली. सात ताटल्यांत चार गेल्या. पुढच्या तिनं तपासल्याच नाहीत. अंगणात गेली, आत आली, फाटकापर्यंत गेली, तिथली तपकिरी ताटल्यांची फळी उगाचच पुसून आली. अंथरुणावर पडली तेव्हाही पाय हलतच होते.

सकाळी नऊला ती एस्बेनच्या स्वयंपाकघरात उभी होती. त्या दिवशी गावातल्या एका जोडप्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती, चाळीस माणसांचं जेवण होतं. एस्बेन मासे साफ करत होता, मदतनीस बाई बडीशेप निवडत होती, कोपऱ्यात योर्गिन नवे बटाटे खरवडत बसली होती.

"माझ्या ताटल्या काढून घे," मेरेटे म्हणाली. "सगळ्या. आजच."

"सकाळी सकाळी थट्टा नको."

"त्या आपोआप फुटतात. आत झिलई आहे, मागे नाही. गरम-गार झालं की दुभंगतात. काल माझ्या हातून निसटली नव्हती. उद्या कुणाच्या मांडीवर गरम लोणी सांडेल."

एस्बेननं सुरी खाली ठेवली. "आज सांगतेस? आज? चाळीस माणसं यायचीत माझ्याकडे! कशात वाढू, त्यांच्या ओंजळीत? कधी कळलं तुला हे?"

इथं ती 'काल' म्हणू शकली असती.

"मार्चमध्ये," ती म्हणाली. "एक फळीवरच फुटली होती. मी वाऱ्यावर ढकललं."

"मार्चमध्ये! आणि मला म्हणालीस, हात बदल."

"म्हणाले."

मेरेटे कोपऱ्याकडे वळली. "योर्गिन, ताटल्या तू फोडल्या नाहीस. माझा दोष मी तुझ्यावर घातला. फोनवर घातला आणि काल तुझ्यासमोर खरं ते लपवलं. मला माफ कर."

योर्गिननं हातातला बटाटा पूर्ण खरवडला, पाण्यात टाकला आणि मग मान वर केली.

"ऐकलं. आता चाळीस माणसांचं काय ते बोला. माफी वाढून पोटं भरत नाहीत."

एस्बेन खुर्चीवर बसला. रोने शहरात फोन करू, कुणाकडून भाड्यानं आणू, असं काहीबाही पुटपुटू लागला. शनिवारी तिथं कोण उचलणार फोन!

"भाड्यानं कशाला?" योर्गिन म्हणाली. "हिच्या त्या तपकिरी ताटल्या घराघरात आहेत ना? कालपर्यंत तोऱ्यात सांगत होती, या चढावर माझी ताटली नाही असं घर दाखवा म्हणून. तूच सांगितलंस मला, एस्बेन. चला, बघूच आता."

योर्गिननं तिची हातगाडी आणली, मासे वाहायची, अजून धुराचा वास मारणारी. आणि मेरेटे दारोदार गेली. दार ठोठावायचं तिनंच, अशी योर्गिनची अट होती. "मी गाडी ओढते, तोंड तू उघड."

पहिल्या घरी तिनं नुसतं हातगाडीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या घरी म्हातारे मास्तर म्हणाले, "चार आहेत. एकीत मांजर खातं, पण धुऊन देतो." तिसऱ्या घरी एक ताटली जिरॅनियमच्या कुंडीखालून निघाली. एका बाईनं सहा दिल्या आणि बजावलं, "काठाला टवका आहे ती माझ्या आईची. तीच परत पाहिजे, दुसरी नको." मेरेटेनं सगळ्यांच्या तळाला पेन्सिलीनं नावं लिहिली. ताटल्यांवर सुरीच्या रेघा होत्या, बिटाचे डाग होते, एक डिंकानं चिकटवलेली होती. पंचवीस वर्षांत तिनं त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं. आता एकेक हातात घेताना तिला धड बघवतही नव्हतं आणि खाली ठेववतही नव्हतं.

"चल की," योर्गिन गाडीचा दांडा धरून ओरडली. "लग्न लागलं पंचवीस वर्षांपूर्वी, जेवण आज आहे!"

दीड वाजेपर्यंत त्रेचाळीस जमल्या. कमी-जास्त आकाराच्या, फिकट-गडद. एस्बेननं त्या रांगेत मांडल्या, कपाळाला हात लावला आणि कामाला लागला. जेवण सुरू झाल्यावर मेरेटे मागच्या खोलीत योर्गिनशेजारी उभी राहिली. दर थोड्या वेळानं दाराच्या फटीतून बघून येई. टेबलावर हसण्याचा गलका चालला होता. एक गृहस्थ मासा संपवून ताटली उलटी करून बघत होते. "अहो, ही तर आमचीच!" ते ओरडले. "ही चिकटवली मी स्वतः!" मग सगळेच ताटल्या उलट्या करू लागले आणि टेबलक्लॉथवर बटाटे लवंडले. एस्बेनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पाच वाजता शेवटची खेप आली. मेरेटे दमली होती आणि तरी हात थांबत नव्हते. घाईघाईत एक ताटली खरोखरच तिच्या हातून सुटली आणि दगडी फरशीवर आपटली. चार तुकडे झाले, टवके लांबवर उडाले.

योर्गिननं वाकून बघितलं. "हां. पडलेली अशी फुटते. नाव बघ कुणाचं आहे."

मास्तरांची होती. मांजराची. मेरेटे हसायला लागली आणि तिला ते आवरेना. योर्गिन नाही हसली, पण तिनं झाडू आणून दिला.

पुढचं सगळं काही गोड झालं नाही. एस्बेननं उरलेल्या उन्हाळ्यासाठी स्वीडनहून कारखान्यातल्या पांढऱ्या ताटल्या मागवल्या आणि ऑगस्ट उलटेपर्यंत तो मेरेटेशी बोलला नाही. योर्गिनचं काम टिकलं. गावात गोष्ट पसरायला एक दिवस पुरला. बेकरीतल्या दोघी आता मेरेटेला बघून गप्प होत.

कोपनहेगनलाही तिनं फोन केला. कलादालनाच्या बाईला नवल वाटलं. "पण त्या अजून काचेत आहेत! त्यात सूप कोण ओतणार? आणि एका गृहस्थांनी आठही घेतल्यात, भिंतीवर लावायला."

"मग त्या ताटल्या नाहीत," मेरेटे म्हणाली.

"त्याहून जास्त आहेत."

"की कमी?"

बाई हसली. शेवटी मेरेटेनं तिच्याकडून कबूल करून घेतलं की प्रत्येकीच्या पाठीवर 'जेवणासाठी नाही' असं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली जाईल. त्या चिठ्ठ्या लागल्या की नाही, हे तिला कधी कळलं नाही. त्या आठ ताटल्या मध्येच आठवत, काम करताना, बसची वाट बघताना.

सप्टेंबरात पाहुणे गेले, गाव मोकळं झालं. मेरेटे सहा नव्या ताटल्या टॉवेलात गुंडाळून योर्गिनच्या घरी गेली. दोन्ही अंगांना झिलई होती, राखाडीच, पण पातळ. साठ वेळा गरम-गार करून पाहिल्या होत्या. साठ ती मोजत बसली होती, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून.

योर्गिननं कॉफी ओतली, राईच्या पावावर धुरी दिलेली हेरिंग ठेवली, वर कांद्याची पात कापून घातली. मग ताटल्या सिंकमध्ये नेऊन धुतल्या, न जेवताच. उलट्यासुलट्या करून पाहिल्या. मेरेटे तिच्यामागे या पायावरून त्या पायावर होत उभी.

"फुटणार नाहीत," योर्गिन म्हणाली.

"नाही."

"दिसायलाही बऱ्या आहेत. पण तळाला हे कडं केलंयस ना, यात पाणी साचतं. उलटी ठेवली की साचतं आणि उचलली की माझ्या बाहीत ओघळतं. हे बघ, कोपरापर्यंत."

मेरेटेनं ताटली तिच्या हातातून घेतली. कड्यात खरंच पाणी होतं, गोल, स्वच्छ. पंचवीस वर्षं तिनं ताटल्यांना असंच कडं दिलं होतं.

"खाच देता येईल," ती म्हणाली. "दोन बाजूंना. निथळून जाईल."

"मग दे. आणि काठ जरा वर घे. ओल्या बोटांना पकड मिळत नाही."

"किती वर?"

"मला काय विचारतेस? माझं नख मावेल एवढा." योर्गिननं आपला अंगठा पुढे केला. मेरेटेनं तो धरला आणि नखाची रुंदी आपल्या बोटाच्या पेरावर मोजून घेतली.

"बस आता. हेरिंग खा. कॉफी निवतेय."

"आलेच," मेरेटे म्हणाली, पण तिनं ताटल्या टॉवेलात गुंडाळायला घेतल्या होत्या. मोजलेलं पेर विसरू नये म्हणून तिनं अंगठ्यानं ते दाबून धरलं, ताटल्या छातीशी घेतल्या आणि दार पायानं उघडून ती चढाला लागली, जवळजवळ धावतच.